अर्धं उत्तर

चहाची पिशवी कुणी मुद्दाम शोधून काढली नाही. न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्यानं नमुना म्हणून रेशमी पुरचुंड्यांतून चहा पाठवला, आणि गिऱ्हाइकांनी ती पुरचुंडी न सोडता तशीच गरम पाण्यात बुडवली, असं सांगतात. केचप म्हणजे मुळात माशांचं खारवलेलं पाणी, त्यात टोमॅटोचा पत्ताही नव्हता. अमेरिकेनं स्वातंत्र्याचा ठराव केला दोन जुलैला आणि फटाके उडवते चारला. हे सगळं मला नव्वदच्या दशकात न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत कळलं, कारण दुसरं काही करायची मला परवानगी नव्हती.

नवरा कॉम्प्युटरवाला, कंपनीनं व्हिसा काढून आणलेला. मी त्याच्यावर अवलंबून. हे मी म्हणत नाही, माझ्या पासपोर्टवर तसं लिहिलेलं होतं. नागपूरच्या कॉलेजात मी इतिहास शिकवायचे. मागच्या बाकावरची टारगट पोरंसुद्धा माझ्या तासाला गप्प बसायची. पार्सिपनीत आल्यावर मी पोळ्या लाटायला लागले आणि लेकीच्या शाळेच्या बसची वाट बघायला लागले. पगाराचं सोडा, फुकट शिकवायलासुद्धा मला कुणी बोलावलं नाही.

उरली लायब्ररी. तिथपर्यंत पायी जायचं म्हणजे गंमत होती. रस्त्याला फुटपाथ नाही, पायी चालणारं दुसरं कोणी नाही. साडी नेसलेली बाई रस्त्याच्या कडेनं चालली आहे म्हटल्यावर गाड्या हळू व्हायच्या, काच खाली करून लोक विचारायचे, काही मदत हवी का? मी मान हलवायचे. मनात म्हणायचे, हवी आहे, पण तुमच्या हातातली नाही. लायब्ररीत मी इतिहासाच्या कपाटापासून सुरुवात केली आणि हळूहळू भलत्याच गल्ल्यांत शिरले. काटा-चमचा, बर्फ, विजार, गाडीचे वायपर. रोजच्या वस्तू आल्या कुठून? पुस्तकं घरी आणायची, वाचायची, आणि सांगायला कोणी नाही म्हणून नवऱ्याला सांगायची. तो जेवता जेवता हं हं करायचा.

महिन्यातून एका शनिवारी मराठी कुटुंबं कुणाच्या तरी घरी जमायची. प्रत्येकानं एक पदार्थ करून न्यायचा. पुरुष बाहेर बसून ग्रीन कार्डाच्या गोष्टी करायचे, बायका स्वयंपाकघरात, मुलं तळघरात व्हिडिओ गेम खेळत. एकदा तिथं मी सहज म्हणाले, "बोस्टनजवळच्या तळ्यांतला बर्फ लाकडाच्या भुशात भरून जहाजानं मुंबईला यायचा, माहीत आहे? फ्रीज यायच्या कितीतरी आधी." कुणाचा विश्वास बसेना. नवरा मुंबईत शिकलेला, त्याला तर हा मुंबईचा अपमान वाटला. वाद रंगला, पुरुषसुद्धा आत आले. पुढच्या वेळी कुणीतरी म्हणालं, वहिनी, आज काय नवीन? मग ती पद्धतच पडली. जेवणं झाली की मी प्रश्न विचारायचे. मुंबईचे व्यापारी एका झटक्यात श्रीमंत का झाले? कारण इथं अमेरिकेत उत्तर आणि दक्षिणेचं युद्ध पेटलं, तिथला कापूस अडकला आणि इंग्लंडला आपला कापूस घ्यावा लागला. युद्ध संपलं तसे निम्मे जण बुडाले. डंगरी हे कापड कुठलं? डोंगरीचं. लोक हसायचे, टाळी द्यायचे. मी वर्गात असल्यासारखी उभी राहून बोलायचे, आणि त्या शनिवारनंतरचे दोन-तीन दिवस मला माणसात आल्यासारखं वाटायचं.

या सगळ्यांत वडीलधारं जोडपं म्हणजे पुण्याचे काका आणि काकू. काका मराठी मंडळाचे सेक्रेटरी, या देशात आमच्या कितीतरी आधी आलेले. काकूंचा माझ्यावर जीव होता, हे मी खोटं म्हणणार नाही. मला गाडी येत नाही म्हणून त्या मला त्यांच्या गाडीतून एडिसनला न्यायच्या. तिथल्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत कढीपत्ता निवडताना माझ्या हातातली जून पानं काढून टाकायच्या. लेकीला ताप आला तेव्हा मऊ भात घेऊन आल्या होत्या. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं होतं, गाव कोणतं, कुलदैवत कोणतं? नवरा म्हणाला होता, "आम्ही नागपूरचे काकू, आमचं दैवत संत्री." सगळे हसले आणि विषय तिथंच राहिला. आमचं आडनाव असं की ते कुठल्याही पंगतीत खपून जातं. आम्ही काही लपवलं नव्हतं. कुणी सरळ विचारलं नव्हतं, आणि आडून विचारणाऱ्याला सरळ उत्तर द्यायला मी काही बांधलेली नव्हते.

काकूंच्या स्वयंपाकघरात भांडी धुवायचं यंत्र होतं. आम्हा सगळ्यांच्याच घरात होतं आणि कुणीच ते चालवत नव्हतं. हातानं घासलेल्या कढया आणि पातेली निथळायला त्यात ठेवायची, एवढाच त्याचा उपयोग. त्याची गोष्ट मी एका शनिवारी सांगितली होती. अमेरिकेतली एक श्रीमंत बाई, तिच्या घराण्यातल्या जुन्या चिनी मातीच्या बशा नोकर घासताना टवके उडवायचे, म्हणून वैतागून तिनं हे यंत्र बनवलं. काकू खूप हसल्या होत्या. "नोकरांच्या हाताला कंटाळून! अगं, ही तर आपल्यातलीच बाई म्हणायची." तेव्हा मीही हसले होते.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत मुलांसाठी प्रश्नमंजूषा ठेवायचं ठरलं. अमेरिकेचा इतिहास आणि रोजच्या वस्तूंचं मूळ, म्हणजे शाळेतही उपयोग होईल. शाळेचं सभागृह भाड्यानं घेतलेलं, खरं स्टेज, खरा माइक, आणि प्रश्न विचारणार मी. काकूंनीच नाव सुचवलं होतं. गणपतीशी आमचा संबंध नाही, आरतीच्या वेळी आम्ही मागे उभे राहायचो, पण वर्षातून दोन-तीनदा तरी चार भिंतींत नुसतं मराठी ऐकू यावं म्हणून जायचो. आमची अशी माणसंही होती या देशात, पण पांगलेली. चौदा एप्रिलला कुठल्यातरी राज्यातल्या कुणाच्यातरी तळघरात भेटायची, तेवढंच.

मी नवऱ्याला म्हणाले, मी निळी पैठणी नेसणार. तो म्हणाला, क्विझ आहे की लग्न? त्याला काय कळणार होतं! नागपूर सुटल्यापासून पहिल्यांदा मी मुलांसमोर उभी राहणार होते. घरात मी लेकीला बसवून तालीम करायचे. ती तेव्हा दुसरीत. मी कार्डावरचा प्रश्न वाचायचे, ती उड्या मारत उत्तर द्यायची. उत्तरापुढची गोष्ट मी तिला सांगत नसे, ती स्टेजवर सांगायला राखून ठेवली होती. वर्गातही मी तसंच करायचे. आधी मुलांकडून उत्तर काढून घ्यायचं, मग त्याच्या मागचं दार उघडायचं.

गणपतीच्या आधल्या आठवड्यात काकू मला त्यांच्याकडे घेऊन गेल्या. कमिटीनं प्रश्न एकदा बघायला हवेत म्हणाल्या. चहा केला, चष्मा लावला, कार्डं एकेक करून वाचायला लागल्या. एका कार्डावर थांबल्या. "अय्या! हे मला माहीतच नव्हतं."

ते कार्ड मला लायब्ररीतल्या एका जाडजूड पुस्तकात सापडलेल्या गोष्टीचं होतं. पहिल्या महायुद्धानंतरची हकिगत. तेव्हा बाहेरून आलेल्या माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व हवं असेल तर तो गोरा हवा, नाहीतर आफ्रिकी वंशाचा. आपल्याकडच्यांची गणती कशातच नव्हती. अमेरिकेच्या सैन्यात चाकरी केलेला एक पंजाबी माणूस थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यानं काय सांगितलं? तर, मी उच्च जातीचा आहे, आर्य आहे, म्हणून मी गोराच.

"छान प्रश्न आहे गं," काकू म्हणाल्या. "मुलांना कळायलाच हवं. इथं शाळेत त्यांना कोणी काही समजत नाही. आपण आर्यच की!"

मी म्हणाले, "काकू, गोष्ट पुढे आहे." आणि सांगितली. त्याच्या बाजूनं न्यायालयात असंही मांडलं गेलं की, लग्नसंबंधाच्या बाबतीत आमच्याकडचा वरच्या जातीचा माणूस खालच्यांकडे तसाच बघतो, जसा इथला गोरा माणूस काळ्यांकडे. म्हणजे आमच्यात आणि तुमच्यात काही फरक नाही, आम्हाला आपल्यात घ्या. न्यायाधीशांनी घेतलं नाही. म्हणाले, शास्त्र काहीही सांगो, रस्त्यावरचा साधा माणूस तुला गोरा म्हणणार नाही. वर ज्या आपल्या लोकांना आधी नागरिकत्व मिळालं होतं, त्यातल्या कितीतरी जणांचं काढून घ्यायला सुरुवात झाली. त्या माणसाला ते मिळालं, पण पुष्कळ वर्षांनी, जुना सैनिक म्हणून.

"अरेरे," काकू म्हणाल्या. "पण त्याचा मुद्दा काही चुकीचा नव्हता हं. त्या काळी होतंच ना तसं. बिचारा."

तो 'बिचारा' मला लागला. इतका वेळ मी शिक्षिका होते, त्या शब्दानं मी घरची पोर झाले. म्हणाले, "काकू, तो ज्यांच्याकडे तसं बघत होता, ते आम्ही. आम्ही बौद्ध आहोत. माझी आजी दुसऱ्यांचे गोठे साफ करायची."

काकूंनी चष्मा काढला. "हो का?" म्हणाल्या. माझ्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच बघितल्यासारखं. "वाटत नाही हं अजिबात. एवढी हुशार, घर किती स्वच्छ तुझं." मग घाईघाईनं, "आम्ही तसलं काही मानत नाही गं. इथं अमेरिकेत कोण मानतं? आमच्याकडे सगळे येतात."

आणि त्या उठल्या. माझ्या पुढ्यातली कपबशी उचलली. सिंककडे गेल्या नाहीत. भांड्यांचं यंत्र उघडलं, त्यातली निथळत ठेवलेली पातेली, कढई, झारा एकेक करून ओट्यावर काढून ठेवला, माझी कपबशी आत ठेवली, सिंकपाशी असलेल्या बाटलीतला साबण चांगला घसघशीत ओतला आणि बटण दाबलं. त्यांचा स्वतःचा कप टेबलावरच होता. अर्ध्या चहासकट.

मला कोणी म्हणेल योगायोग असेल. मी स्वतःलाही पुष्कळ वेळा म्हणून बघितलं. पण ज्या घरात ते यंत्र कधी चालू झालेलं मी बघितलं नव्हतं, त्या घरात ते माझ्या एका कपासाठी चालू झालं. काकू त्यात वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. हात आपोआप गेला असणार. पण म्हणूनच मला तो हात विसरता येत नाही. ठरवून केलेला अपमान मी परतवला असता.

आम्ही पुन्हा कार्डांकडे वळलो. काकू भराभरा पानं उलटल्यासारखी कार्डं उलटत होत्या, सगळ्यांना छान छान म्हणत होत्या. तेवढ्यात यंत्राच्या दारातून फेस यायला लागला. भांडी घासायचा पातळ साबण त्या यंत्रात घालायचा नसतो, त्याची पावडर वेगळी मिळते. हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं, मला माहीत होतं, वाचलं होतं म्हणून. फेस फरशीवर उतरला, ओट्याखालून टेबलाकडे सरकायला लागला, कमी होईना. काकू साडी वर धरून कोरड्या बाजूला उभ्या राहिल्या. "अगं बाई! अगं, बघतेस काय, पूस ना पटकन!" आणि कोपऱ्यातला मॉप माझ्याकडे केला.

एरवी मी पुसलं असतं. एरवी आम्ही दोघींनी मिळून हसत हसत पुसलं असतं. तो मॉप मी घेतला आणि फ्रीजला टेकवून ठेवला. "काकू, याची पावडर वेगळी असते," म्हणाले, आणि चपला घालून चालत घरी आले. वाटेत दोन गाड्या हळू झाल्या. कार्डं टेबलावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांचा फोन आला. माझ्याशी नाही, नवऱ्याशी बोलले. नवऱ्यानं मला नंतर जसंच्या तसं सांगितलं. काका म्हणाले होते, "अरे, स्टेज मूर्तीच्या अगदी शेजारी आहे, आणि आरती झाली की लगेच क्विझ. तुमच्या धर्मात ते चालत नाही ना? तुझ्या मिसेसना ऑकवर्ड होईल. आम्हाला उगाच तुमच्या भावना दुखवायच्या नाहीत. प्रश्न मात्र फर्स्ट क्लास काढलेत हं त्यांनी, ते आम्ही ठेवतोय."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? नो प्रॉब्लेम काका म्हटलं. जाऊ दे ना यार. स्टेशनवर पार्किंग मिळत नाही म्हणून रोज त्यांच्याच गाडीतून ट्रेनपर्यंत जातो मी. एक क्विझ तर आहे."

आमच्या भावना आजवर एवढ्या काळजीनं कुणीच जपल्या नव्हत्या. मी त्याला तसं म्हणालेही. त्याचंही चूक नव्हतं असं लोक म्हणतात, आणि मीही म्हणते, पण त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या लेखी एक क्विझ गेली होती. माझा वर्ग गेला होता, दुसऱ्यांदा.

तरी मी गेले. कशाला गेले, असं माझी बहीण नागपूरहून फोनवर ओरडून विचारत होती. माझे प्रश्न ऐकायला गेले. लेकीनं परकर-पोलकं घालून ठेवलं होतं, तिच्या मैत्रिणी येणार होत्या, तिला काय कारण सांगणार होते? पैठणी नेसले नाही.

आरती झाली. स्टेजवर पुण्याहून नुकताच आलेला एक तरुण इंजिनियर चढला, उत्साही, टाय लावलेला. माझी कार्डं त्याच्या हातात. त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नसणार. एकेक प्रश्न तो इंग्रजीत करून विचारत होता आणि पुढे बसलेली मुलं ओरडत उत्तरं देत होती. बर्फ. वायपर. केचप. उत्तर आलं की "व्हेरी गुड, नेक्स्ट!" कुठल्याच गोष्टीचं दार उघडत नव्हतं. मागच्या रांगेत बसून मी प्रत्येक उत्तरानंतरचं वाक्य मनात म्हणत होते.

मग त्यानं ते कार्ड वाचलं. एक भारतीय सैनिक अमेरिकेच्या कोर्टात म्हणाला, मी गोरा आहे. त्यानं काय कारण दिलं?

पहिल्या रांगेतून एक हात वर गेला आणि हाताआधी आवाज. माझ्या लेकीचा. "बिकॉज ही वॉज हाय कास्ट! ही वॉज आर्यन!"

सभागृहानं टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळच्या सगळ्यांत मोठ्या. कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. मी उभी राहिले. "पुढे सांगा," म्हणाले, "पुढचं सांगा." माइक माझ्याकडे नव्हता. शेजारच्या बाईला वाटलं मी आनंदानं उभी राहिले, तिनं माझा हात दाबून म्हटलं, "तुमची का? किती गोड! स्मार्ट आहे हं." बक्षिसं द्यायला काकू होत्या. त्यांनी लेकीच्या हातात रंगांचा खोका ठेवला, तिचा गालगुच्चा घेतला, आणि मागे माझ्याकडे बघून हसल्या. सगळं मिटलं, अशा अर्थाचं ते हसू होतं. मला वाटतं त्यांना खरंच तसं वाटत होतं.

घरी जाताना नवरा गाडी चालवत होता. लेक मागे, खोका मांडीवर, रंग काढून बघत होती. मधेच म्हणाली, "आई, डिड ही विन? द सोल्जर?"

"नाही. हरला."

"देन व्हाय डिड दे क्लॅप?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. नको, असं त्याचं बघणं होतं. पण मी इतिहासाची शिक्षिका आहे, आणि तो माझा प्रश्न होता. मी तिला पुढचं सांगितलं, तिच्या वयाला झेपेल तसं. तो माणूस कोर्टात म्हणाला, आमच्या देशात काही लोक आमच्यापेक्षा खालचे आहेत, आम्ही त्यांच्यातले नाही. लोकांना तो आपल्यातलाच वाटला, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आर वी लाइक हिम?"

"नाही. तो ज्यांना खालचं म्हणत होता ना, ते आपण."

मी वळून बघितलं. ती रडत नव्हती. विचार करत होती, गणित सुटत नसलं की करते तसा. मग पुढे वाकून तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "डू काकू अँड एव्हरीबडी नो?"

"काकूंना माहीत आहे."

"बाकीच्यांना सांगू नकोस," ती म्हणाली. घरात आम्ही मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी माझी लेक, हे मात्र स्वच्छ मराठीत, हळू आवाजात, मला धीर द्यावा तसं म्हणाली. "मीपण नाही सांगणार."